डावी बाजू

सपाट काच सोपी असते.
तिला एकच पाठ: समोर बघ.
आमच्याकडे येतं ते वाटीसारखं,
कानशिलापर्यंत वळलेलं, बेस आठ, कधी दहा.
पालथं ठेवलं तर गप्प बसतं,
उताणं ठेवलं तर डुलत राहतं,
त्याच्यावरून कुणी नुकतंच उठून गेल्यासारखं.

दोरिनेलला पहिल्या आठवड्यात एवढंच शिकवलं:
कागदावर लिहिलंय ते घासायचं नाही.
पोरगा मोल्दोव्हाचा, कादोरेत येऊन वीस दिवस झालेले.
त्याला वाटलं, आपलं इटालियनच कच्चं.
तर मी सांगितलं,
डॉक्टर नंबर काढतो तेव्हा भिंग ताठ उभं असतं.
इथे ते वीस अंशांत कलतं, चेहरा कवेत घ्यायला,
आणि कललेलं भिंग खोटं बोलतं.
उणे सव्वाचारचं थोडं वाढवून सांगतं,
वर अर्धा सिलिंडर, कुणी न मागितलेला.
म्हणून आपण आधीच उलटं खोटं घासायचं,
चाराच्या आसपास,
म्हणजे दोन खोटी एकमेकांना खातात
आणि माणसाला खरं दिसतं.
माझा संसारही असाच चालला, मी म्हटलं.
तेवढं त्याला लगेच कळलं.

नोव्हेंबरात चेंब्रा खोऱ्यातून एक कागद आला.
नार्दिन सिल्वानो, वय सत्तावन्न,
पोर्फिरीच्या खाणीत ठोकळे पाडतो,
गावोगावच्या चौकांत अंथरायला.
उजवा: उणे सव्वाचार.
डावा: शून्य.
आणि शून्यापुढे पेन्सिलीनं, बारीक अक्षरात: काचेचा.

दोरिनेल म्हणाला, मग डावं भंगारातलं घालू,
ते कालचं, ओरखडा पडलेलं.
त्यातून बघणार कोण?

मी बोलले नाही. मशीन धुतलं,
पांढरं पाणी जाळीतून जाईपर्यंत थांबले.
त्याला वाटत होतं शून्य फुकट मिळतं.
पुढे आठ, मागे आठ, झालं.
पण मधली दोन मिलिमीटर जाडी हिशेब मागते,
मागचा बाक केसभर जास्त घ्यावा लागतो,
कलण्यातून आलेला लोलक काढावा लागतो,
नाहीतर नंबर नसलेलं भिंगही
दाराला चौकटीतून सरकवतं.
शून्य घडवावं लागतं.
उजव्याला चाळीस मिनिटं लागली.
डाव्याला पन्नास.

आणि कपची उडते तेव्हा
आत कोण राहतं, विचारून येत नाही.
पहिलीही तशीच आली असेल,
कुणीतरी कशाकडे काणाडोळा केला म्हणून,
किंवा कुणीच नाही केला, तरीही.
मला माहीत नाही.
कागदावर त्याला रकाना नसतो.

लेप दिला. भट्टीतून काढलं.
मग नळीतून पोलादी गोळी.
टक्.
डाव्यावर ती दोरिनेलनं सोडली,
तोंड फिरवून.

सव्वा वर्षानं जोडी परत आली,
बिजागरीत लाल धूळ.
उजवं भिंग जवळजवळ नवं.
डाव्याच्या जरा खाली, नाकाच्या बाजूला,
एक चांदणी, तीन टोकांची. आरपार नाही.
चिठ्ठीत दोनच शब्द: पुन्हा तसंच.
आणि खोक्याच्या तळाशी
जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला ठोकळा,
जांभळट, तळहाताएवढा,
पाच बाजूंनी खडबडीत, एका बाजूनं
कुणी मुद्दाम हात फिरवत बसावं असा.

दोरिनेलनं डावं भिंग चौकटीतून सोडवलं,
पुसलं, स्वतःच्या डोळ्यापुढे धरून
खिडकीशी गेला.
बाहेर अंतेलाव, बर्फ, विजेच्या तारा.
त्यानं मान हळूच डावीकडे नेली,
मग उजवीकडे,
तारा कुठे वाकतात का बघत,
चांदणी चुकवत.
बराच वेळ.

मी म्हटलं,
ठोकळा त्या कागदांवर ठेव
आणि पाणी सोड.